‘विद्रा’ची जखम

१

‘विद्रा’ या गस्तनौकेच्या कुशीतलं भोक अठ्ठावन्न वर्षांनी उजवीकडून डावीकडे सरकलं होतं, आणि सबंध शिबेनिक गावात त्याचं कुणालाच काही वाटत नव्हतं.

तोंकाला वाटत होतं. मंगळवारी सकाळी ती झोर्का बेलामारिचच्या दारात उभी राहिली, हातातला छापील कागद चुरगळलेला, आणि आत येण्याआधीच बोलायला लागली.

“झोर्का, तू बंदर कचेरीत एकतीस वर्षं टकरींची चौकशी केलीस. आता माझी एक कर.”

“आत ये आधी. कॉफी टाकते.”

“कॉफी नको. त्या लोकांनी आधीच पित्त खवळवलंय माझं.”

झोर्काने तरीही कॉफी टाकली. निवृत्त होऊन तिला सहा वर्षं झाली होती. माणसांचा तिला एकूणच वीट आला होता, खोटं बोलणाऱ्यांचा जरा कमी आणि स्वतःला थोर समजणाऱ्यांचा जास्त. तोंका मात्र तिची शाळेतली मैत्रीण होती.

गोष्ट सगळ्या किनाऱ्याला ठाऊक होती. १९६१च्या सप्टेंबरात खाडीच्या तोंडाशी ‘विद्रा’ बाहेर पडत होती आणि तोंकाच्या बापाची, शिमे तांडेलाची मासेमारी बोट ‘स्वेता फुमा’ घरी येत होती. फुमाचं टोक विद्राच्या कुशीत घुसलं. विद्रा तरली. फुमा तिघांना घेऊन तळाशी गेली आणि कधी वर आलीच नाही. पाण्यावरचा नियम सोपा आहे: जो तुमच्या उजवीकडून येतो त्याला वाट द्यायची, मग तुम्ही युद्धनौका असा की होडी. चौकशीने ठरवलं की फुमा विद्राच्या डावीकडून आली, म्हणजे वाट शिमेने द्यायला हवी होती. तिघांच्या मरणाला तांडेल जबाबदार. तोंका तेव्हा चौदा वर्षांची होती. मेलेल्या दोघा खलाशांच्या बायका नंतर कधी तिच्या आईशी बोलल्या नाहीत.

“आता धक्क्यावर दगड बसवतायत, बुडालेल्यांच्या नावांचा,” तोंका म्हणाली. “त्या दोघांची नावं कोरणार. आबाचं नाही. ज्याच्यामुळे बुडाले त्याचं नाव कसं घालायचं, असं म्हणतात. पाथरवट शनिवारी येतोय.”

“आणि तू मागे म्हणाली होतीस तो फोटो? कुठून मिळाला?”

“तीन महिन्यांपूर्वी गोदीतल्या एका म्हाताऱ्याच्या बायकोने दिला. विद्रा धक्क्याला बांधलेली, टकरीच्या दुसऱ्या दिवशी. भोक उजव्या कुशीत. माझ्या या डोळ्यांनी पाहिलंय. मागे पेन्सिलीने लिहिलंही होतं. मी तो ‘पालुबा’वाल्यांना दिला.”

‘पालुबा’ म्हणजे जहाजाचा डेक. याच नावाचं युद्धनौकांच्या इतिहासाचं संकेतस्थळ गावातली तीन म्हातारी माणसं चालवत. प्रत्येक जहाजाला एक पान. विद्यापीठातले लोक त्याचे दाखले देत, आणि स्मारकाच्या समितीनेही शेवटचा शब्द ‘पालुबा’चा असं ठरवलं होतं.

तोंकाने चुरगळलेला कागद टेबलावर सरळ केला. विद्राचं पान. वर उजवीकडे मोठा फोटो. त्यात भोक होतं, चांगलं माणूस आत जाईल एवढं.

ते विद्राच्या डाव्या कुशीत होतं.

“समितीने हेच पान माझ्या तोंडावर फेकलं. तुझ्याच फोटोने तुझ्या बापाला दोषी ठरवलं म्हणाले. मी त्यांना फोन केला, दोन दिवसांनी स्वतः गेले, म्हटलं मूळ फोटो काढा. त्यांच्यातल्या बार्तुलने माझ्यासमोर विद्राची फाइल उघडली.”

“आणि?”

“रिकामी.”

२

‘पालुबा’ची कचेरी जुन्या दोरवाल्याच्या दुकानावरच्या माळ्यावर होती. जिन्याला डांबराचा वास होता आणि वर गेल्यावर प्रोफेसर लुत्सियानच्या अत्तराचा. झोर्काला डांबर बरं वाटलं.

प्रोफेसर शाळेत इतिहास शिकवायचे. आता ते मुख्य संपादक होते आणि भिंतभर फाइलींसमोर अशा थाटात बसत की जणू ती जहाजं त्यांनीच बांधली.

“हरवला म्हणू नका, झोर्काबाई. या खोलीत तीस वर्षांत एकही कागद चुकीच्या जागी गेलेला नाही. जहाजाचं नाव, त्याची फाइल, त्यातला कागद. माझ्या हाताला चुकीच्या फाइलीत कागद ठेवताच येत नाही.”

“मग फोटो कुठे आहे?”

“बहुधा तोंकाबाईंनी परत नेला असेल. वय झालं की माणूस विसरतो.”

तोंका त्यांच्यापेक्षा चार वर्षांनी लहान होती. झोर्काने दातावर दात दाबले आणि पानांच्या मांडणीबद्दल विचारलं. प्रोफेसर लगेच खुलले.

“एकच साचा. अडीचशे जहाजं, अडीचशे पानं, पण साचा एक. डावीकडे हकीकत. उजवीकडे वर एकच मोठं चित्र. चित्राखाली लांबी, तोफा, माणसं. मग कप्तानांची यादी, क्रमाने. शेवटी जहाजाचं काय झालं ते. आणि अगदी तळाला बारीक चित्रांची रांग, उरलेल्यांची. वाचकाचा डोळा भरकटता कामा नये. आम्ही नियम मोडत नाही.”

“फोटो पानावर कोण चढवतं?”

“तिघंही. ‘सुकाणूवाला’ या एकाच नावाने. इथे कुणाला श्रेय नको असतं.”

झोर्काने पडद्यावरची कप्तानांची यादी वाचली. टकरीच्या वर्षीच्या नावावर तिचं बोट थांबलं. आडनाव ओळखीचं होतं. दारावरच्या पाटीवर तेच होतं.

“हे तुमचे कोण?”

प्रोफेसरांनी चष्मा काढून पुसला, पुसलेलाच पुन्हा पुसला.

“काका,” ते म्हणाले. “सख्खे.”

३

बार्तुल दुपारी धक्क्यावरच्या खानावळीत सापडला. नौदलात फोटोग्राफर होता, आता ‘पालुबा’साठी जुने फोटो यंत्रात घालून संगणकावर उतरवायचा. पाणी घातलेली वाइन पीत तो पिसाळलेल्या आवाजात बोलत होता.

“मी फोटो यंत्रात घालतो, काढतो, फाइलीत ठेवतो. पुढे कोण काय करतं त्याच्याशी मला देणंघेणं नाही.”

“फोटोच्या मागची बाजू पाहिलीत, बार्बा?” म्हाताऱ्या दर्यावर्द्यांना किनाऱ्यावर अशीच हाक मारत.

“मागे काय बघायचं? कोळ्यांच्या खरडी. आता सगळे निघालेत नौदलाच्या तोंडाला काळं फासायला. माझ्या हातात असतं ना, तर असले फोटो चुलीत घातले असते.”

“घातलात का?”

त्याने पेला आपटला. “तसं केलं असतं तर गावभर सांगत हिंडलो असतो. आणि फाइल तिच्यासमोर उघडली ती मीच. रिकामी बघून मलाच घाम फुटला. विचार तुझ्या त्या तोंकाला.”

झोर्काने विचारलं नाही. घाम फुटल्याचं तोंकाने आधीच सांगितलं होतं.

तिसरी नेदा. आयुष्यभर छापखान्यात पानं जुळवत होती, आता ‘पालुबा’ची पानं जुळवायची. तिने झोर्काला जेवायलाच बसवलं. भाजलेल्या तारल्या, उकडलेली पालेभाजी आणि बटाटे. पांढऱ्या ताटात आठ तारल्या एका ओळीत, आठही डोकी डावीकडे. झोर्काने ताट ओढताना ते फिरलं, तसं नेदाने हात पुढे करून पुन्हा सरळ केलं.

“माफ कर हं, मला राहवत नाही.”

“नेदा, विद्राच्या पानावरचा फोटो कुणी चढवला?”

“तो घाण फोटो? किती मळका होता. क्षितिज वाकडं, कडा फाटलेल्या. आता किती छान दिसतं पान.” नेदाने लिंबू पिळलं. “मला त्या टकरीबिकरीतलं काही कळत नाही, बाई. मी फक्त पान नीट दिसतंय ना एवढं बघते.”

“प्रोफेसरांचे काका विद्राचे कप्तान होते, माहीत होतं?”

“हो? मी यादी कधी वाचत नाही. फक्त तारखा एकाखाली एक आल्या का ते बघते.”

 या बाईने अडीचशे पानं जुळवली होती आणि त्यातलं एकही वाचलं नव्हतं. झोर्का तिसऱ्या तारलीचं डोकं मोडता मोडता थांबली आणि ताटाकडे बघत राहिली. मग जेवण तसंच टाकून उठली.

“कुठे चाललीस? मासे खराब होतील.”

“वाचनालयात,” झोर्का म्हणाली. “मला सगळी जहाजं बघायचीत.”

४

बुधवारचा सबंध दिवस तिने वाचनालयातल्या संगणकासमोर काढला. एकेक पान उघडायचं, मोठा फोटो बघायचा, पुढचं उघडायचं. विनाशिका, पाणबुड्या, सुरुंग काढणाऱ्या नौका, कोळसा वाहणाऱ्या बोजड बोटी. दुपारपर्यंत ती साठाव्या पानावर होती.

जहाजाच्या पुढच्या टोकाला नाळ म्हणतात. साठही जहाजांची नाळ डावीकडे होती. चित्र पानाच्या उजव्या कडेला, म्हणजे सगळी जहाजं मजकुराकडे तोंड करून. शंभरावं डावीकडे. दोनशेवंही. जणू सबंध ताफा वर्षानुवर्षं एकाच दिशेने चालला होता.

आणि डावीकडे तोंड केलेल्या जहाजाची फक्त डावीच बाजू दिसते. म्हणजे या अडीचशे पानांवर मोठ्या फोटोत एकाही जहाजाला उजवी बाजू नव्हती.

फोटो काढणारे काय सगळे एकाच बाजूला उभे राहायचे? तिने तळाच्या बारीक चित्रांची रांग तपासली. तिथे मात्र उजवीकडे तोंड केलेली जहाजं होती, बरीच. तिने ती मोजली नाहीत, फक्त त्यांच्यात सारखं काय आहे ते बघितलं. प्रत्येकावर आकडा होता किंवा नाव होतं. उलटवलं असतं तर अक्षरं आरशातल्यासारखी दिसली असती आणि चोरी उघडी पडली असती. ज्यांच्यावर वाचण्यासारखं काही होतं त्यांना तळाच्या अडगळीत टाकलं होतं. ज्यांच्यावर काही नव्हतं ती मुकाट्याने वळली होती.

फोटोत दिसत होतं: विद्राच्या नाळेवरचा आकडा त्या दिवशी सैनिकांनी ताडपत्रीने झाकला होता. लाज झाकायला टाकलेली ताडपत्री, आणि तिनेच फोटो मुका केला.

पण संशय म्हणजे पुरावा नव्हे. तिने विद्राचा फोटो पडदाभर मोठा केला. भोक, दोर, गोदीतले चार कामगार बिनबाहीच्या बनियनमध्ये. बनियनला कुठली बाजू. मग मागे, खुंटाला टेकून उभे दोघे, सदरा घातलेले. दोघांच्याही सदऱ्याच्या खिशात सिगारेटचं पाकीट.

झोर्काचा बाप शिंपी होता. सदऱ्याचा खिसा कुठे असतो हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

दोघांचेही खिसे उजव्या छातीवर होते.

५

गुरुवारी दहा वाजता तिघेही माळ्यावर असायचे. झोर्का तोंकाला घेऊन गेली आणि बसायला सांगण्याची वाट न बघता बोलायला लागली. जहाजांची दिशा, तळाची रांग, खिसे. बार्तुल खुर्चीतून अर्धा उठला.

“उलटवला? कुणी?”

“जिच्या ताटात मासेसुद्धा एकाच बाजूला बघतात तिने,” झोर्का म्हणाली. “नेदा, बरोबर?”

नेदाने मान हलवली, अगदी सहज. “हो. मग? छापखान्याचा पहिला धडा आहे तो. चित्रातलं तोंड मजकुराकडे हवं. नाहीतर जहाज पानाबाहेर निघून चाललंय असं वाटतं, आणि वाचकाची नजर त्याच्यामागे जाते. मी सगळेच वळवते. आजवर कुणी तक्रार केली नाही.”

“माझ्या बापाचा गुन्हा ठरला त्याच्यावर,” तोंका म्हणाली.

“पण मला काय माहीत, बाई? मी तुमच्या बापाकडे बघत नव्हते. मी पानाकडे बघत होते.”

 झोर्काला वाटलं होतं की राग येईल. आली ती नुसती शिसारी, ओल्या भिंतीवरचं शेवाळ हाताला लागावं तशी.

“आता मूळ फोटो,” ती म्हणाली. “बार्बा, तुम्ही असता तर जाळून गावभर मिरवलं असतं, तुम्हीच सांगितलंत. शिवाय रिकामी फाइल तुम्ही आपणहून कशाला उघडाल? नेदा फाइलींना हात लावत नाही, तिला त्यातलं काही वाचायचंच नसतं. उरलात तुम्ही, प्रोफेसर. तोंकाने फोन केल्यावर तुम्ही फाइल काढलीत, फोटो पाहिलात, मागचं वाचलंत आणि सगळं समजलात.”

“पुरावा?” प्रोफेसरांचा आवाज पातळ झाला होता.

“तो तुम्हीच मला मंगळवारी दिलात. तुमच्या हाताला कागद चुकीच्या फाइलीत ठेवता येत नाही. फाडवत तर नाहीच. मग लपवायचा कुठे? अशा फाइलीत, जी बरोबरही आहे आणि जी कुणी उघडतही नाही. त्या फोटोत दोन बोटींची गोष्ट आहे. एकीचं पान आहे. दुसरी मासेमारीची, तिला तुमच्याकडे पान नाही, पण तिच्या नावाची फाइल असणारच.”

ती भिंतीशी गेली. विद्राची फाइल खालच्या फळीवर होती. झोर्का वरच्या फळीवर शोधत गेली आणि सगळ्यात कोपऱ्यातली पातळ फाइल ओढली. पाठीवर वळणदार अक्षरात लिहिलं होतं: स्वेता फुमा. आत एकच फोटो होता, पारदर्शक पाकिटात, वर प्रोफेसरांच्या हातची चिठ्ठी आणि तारीखसुद्धा. तोंकाच्या फोनच्या दुसऱ्या दिवसाची.

फोटोत विद्राची नाळ उजवीकडे होती. मागे पेन्सिलीने लिहिलं होतं: “विद्रा. उजवी कूस. आम्हाला बोलायची बंदी आहे.”

तोंकाने तो हातात घेतला आणि खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

“काकांसाठी केलंत?” बार्तुलने विचारलं. त्याचा चेहरा काळवंडला होता.

“काका?” प्रोफेसर चिडले. “त्या माणसाचं थोबाड मी बघत नव्हतो. दारू पिऊन माझ्या काकूला मारायचा. त्याची अब्रू गेली तर मी मेजवानी देईन. तुम्हाला कळत कसं नाही? एक फोटो उलटा निघाला की लोक विचारतील, बाकीचे? दीडशेच्या वर आहेत. तीस वर्षांचं काम. विद्यापीठं आमचे दाखले देतात. एका तांडेलासाठी अडीचशे पानं बुडवायची?”

झोर्का त्यांच्याकडे बघत राहिली. काकासाठी केलं असतं तर ते पाप तिला ओळखीचं होतं. रक्ताची, पैशाची, भीतीची पापं तिने एकतीस वर्षं हाताळली होती. इथे शिमेचा द्वेष करणारं कुणी नव्हतंच. एकीला पान देखणं हवं होतं आणि दुसऱ्याला ते तसंच राहायला हवं होतं.

“तुमचा मला उबग आलाय,” ती म्हणाली. “आत्ता बदला. माझ्यासमोर.”

नेदा संगणकाशी बसली. मग तिचे हात थांबले.

“वर नको ना ठेवूया. फारच विचित्र दिसेल. तळाच्या रांगेत घालू का?”

“वर,” बार्तुल म्हणाला. तो इतक्या हळू बोलला की सगळ्यांनी त्याच्याकडे वळून पाहिलं. “वर ठेव, नेदा. आणि खाली लिही, आधी उलटा छापला होता. कुणाच्या चुकीने तेही लिही.”

६

शनिवारी धक्क्यावर पाथरवट दगडाशी गुडघे टेकून बसला होता. समितीचे लोक लांब उभे होते. नवं पान त्यांनी शुक्रवारी पाहिलं होतं, होकार कळवला होता, आणि माफीचा एक शब्दही काढला नव्हता. झोर्काला ते दिसले तसं तिने तोंड फिरवलं.

बुडालेल्या दोघांची नावं पाथरवटाने आधीच खडूने आखली होती, दगडाच्या बरोबर मधोमध, दोन्हीकडे सारखी जागा सोडून. तिसऱ्या नावाचा कागद हातात घेऊन तो मान खाजवत होता.

“आधी सांगायचं होतं हो. ही दोन कशी फर्मास बसली होती. आता मध्ये जागा नाही. तिसरं बाजूला जाईल, सगळी आखणी बिघडेल. मागच्या बाजूला कोरलं तर? तिथे एकटं शोभून दिसेल.”

 झोर्का पुढे सरकणार एवढ्यात तोंकाने तिचा दंड धरला.

“कुठल्या बाजूला जाईल?” तोंकाने विचारलं.

“बाजूला म्हणजे, इकडे. उजवीकडे. अगदी कडेशी.”

तोंका खाली वाकली. पाथरवटाच्या पेटीतला खडूचा तुकडा उचलून तिने दगडाच्या उजव्या कडेला स्वतःच्या हाताने बापाचं नाव लिहिलं. अक्षरं वाकडी आली, शेवटचं तर कडेवरून खाली उतरू लागलं.

“तिकडूनच आला होता तो,” ती म्हणाली. “कोर.”